नऊ व्होल्टचं छप्पर

काही इलेक्ट्रिक गिटारच्या मागचं झाकण उघडलं की आत नऊ व्होल्टचा चौकोनी सेल दिसतो. नवखा माणूस हमखास विचारतो, ‘गिटारला बॅटरी कशाला?’ मला त्यापुढचा प्रश्न जास्त छळतो. नऊच का? बारा का नाही, पाच का नाही? याचं उत्तर संगीतात सापडत नाही. ते रेडिओच्या दुकानात सापडतं.

गिटारला मुळात बॅटरी नव्हतीच. १९३१ साली लॉस एंजेलिसमध्ये जॉर्ज बीचमने लोखंडी तारांखाली चुंबक आणि तांब्याच्या तारेचं वेटोळं बसवलं. तार थरथरली की वेटोळ्यात बारीकशी वीज तयार होते, ती अ‍ॅम्पला जाते. हा झाला पॅसिव्ह पिकअप. त्याची अडचण अशी की आवाज पुरेसा मिळावा म्हणून हजारो वेढे घ्यावे लागतात, आणि मग लांब केबलमध्ये वरच्या पट्टीतली चमक गळून जाते. वर आजूबाजूच्या ट्यूबलाइटची, पंख्याच्या रेग्युलेटरची घरघर फुकट.

उपाय साधा होता: वेढे कमी करा, चुंबक हलकं ठेवा आणि गिटारच्या आतच छोटा अ‍ॅम्प्लिफायर बसवा. १९६९ च्या सुमारास सॅन फ्रान्सिस्को परिसरात ‘अ‍ॅलेम्बिक’च्या मंडळींनी ‘ग्रेटफुल डेड’ या बँडच्या वाद्यांत असले प्रयोग सुरू केले. १९७६ साली लिओ फेंडरच्या ‘म्युझिक मॅन’ने बॅटरीवरचा स्टिंगरे बेस बाजारात आणला, आणि त्याच वर्षी लाँग बीचला रॉब टर्नरने पुढे ‘ईएमजी’ म्हणून गाजलेला कारखाना काढला. मेटालिकाचा जेम्स हेटफिल्ड वाजवतो तो करकरीत, घट्ट आवाज याच घराण्यातला.

आता सेलकडे येऊ. १९५४ चा पहिला खिशातला ट्रान्झिस्टर रेडिओ साडेबावीस व्होल्टच्या बॅटरीवर चालायचा. ती महाग होती आणि लवकर संपायची. दोनेक वर्षांत दीड व्होल्टचे सहा घर एकावर एक रचून केलेला नऊ व्होल्टचा सेल आला आणि रेडिओवाल्यांनी तो उचलला. मग तो पानाच्या दुकानापर्यंत पोचला. गिटारवाल्यांनी तो निवडला नाही, तो हाताशी होता. १९६२ चा पहिला गाजलेला फझ पेडल तर टॉर्चच्या दोन सेलवर, म्हणजे तीन व्होल्टवर चालायचा. ‘सॅटिस्फॅक्शन’ची ती सुप्रसिद्ध धून त्यातूनच आली.

पण या उसन्या आकड्याने एक छप्पर घातलं. पिकअपमधलं सर्किट साडेचार व्होल्टवर बसतं आणि तारेच्या थरथरीनुसार वर-खाली जातं. दोन्ही टोकांना थोडी जागा सोडावी लागते, म्हणून प्रत्यक्षात साधारण साडेतीन व्होल्ट वर आणि तेवढेच खाली मिळतात. जोरात पिक मारला आणि लाट त्याहून उंच झाली तर तिचं डोकं सपाट कापलं जातं. सेल उतरून साडेसहावर आला की वर-खाली सव्वादोनच व्होल्ट उरतात. हळू वाजवलं तर फरक कळतही नाही. आवाज लहान होत नाही. जोर लावला की मात्र तो फाटतो. म्हणूनच सेल संपत आल्याचं घरच्या रियाजात लक्षात येत नाही, ते स्टेजवर कळतं.

हे छप्पर आमच्या शहराने गिटारच्या आधी बँजोत ऐकलंय. बँजो म्हणजे अमेरिकन बँजो नव्हे. नागोयाच्या गोरो मोरिताने १९१२ साली टाइपरायटरसारखी बटणं लावून बनवलेलं तैशोगोतो हे त्याचं मूळ. आपल्याकडे त्याला पिकअप लागला आणि ते वरातीत, विसर्जन मिरवणुकीत उतरलं. राजाबाजारच्या संस्थान गणपतीमागून गुलमंडीकडे सरकणारी गर्दी ढोल-ताशावर मात करून वाजणारं काहीतरी मागते, आणि बँजो ते देतो. त्याचा पिकअप पॅसिव्ह, त्याला सेल नाही. बॅटरी लागते ती गाडीवरच्या अ‍ॅम्पला. तीही उसनीच, गाडीची, बारा व्होल्टची. गंमत म्हणजे तिच्यातही सहाच घरं, फक्त प्रत्येक दोन व्होल्टचं.

बारा व्होल्टवर आठ ओहमच्या स्पीकरला थेट जोडलेल्या साध्या अ‍ॅम्पमधून सव्वादोन वॅटच्या वर स्वच्छ आवाज निघत नाही. म्हणून त्या जुन्या जड अ‍ॅम्पमध्ये व्होल्टेज वाढवणारा ट्रान्सफॉर्मर असतो आणि पुढे कर्णे. तरी रात्री उशिरा बॅटरी बसायला लागली की वरचे सूर खरखरतात. लहानपणी मला ती खरखर बँजोचाच स्वभाव वाटायची. आज वाटतं, ती बऱ्याच अंशी दमलेल्या बॅटरीची होती, आणि नाचणाऱ्यांना ती आवडतही होती.

मग दोन सेल मालिकेत जोडून अठरा व्होल्ट करायचे का? बरेच जण करतात, आणि ईएमजीचे बहुतेक पिकअप ते सहज सोसतात. छप्पर दुप्पट उंच होतं, म्हणजे सहा डेसिबल. स्लॅप वाजवणाऱ्या बेसवाल्याला ते जाणवेल. पण यामुळे आवाज ‘मोठा’ होतो हा समज चुकीचा आहे. फक्त फाटण्याची वेळ पुढे जाते. मेटलमध्ये पुढे अ‍ॅम्प सगळं फाडणारच असतो, तिथे हा खर्च मला फुकट वाटतो. मी नऊवरच आहे.

हे पिकअप वीज अगदी चाटून पितात. एकाला सुमारे ऐंशी मायक्रोअँपिअर, त्यामुळे दोन पिकअपला चांगला अल्कलाइन सेल तीन हजार तास पुरतो. अट एकच, वाजवून झालं की पिन काढायची. जॅकमध्ये पिन गेली की बॅटरी चालू होते, वेगळा स्विच नाही. पिन तशीच राहिली तर गिटार भिंतीला टेकूनही सेल पीत राहते.

कार्यक्रमाच्या दिवशी मी मल्टिमीटर लावतो. नवा सेल साडेनऊच्या आसपास दाखवतो. आठच्या खाली दिसला की गिटारमधून बाहेर. तो टाकून देत नाही, फझ पेडलमध्ये घालतो. तिथे दमलेला सेलच गोड लागतो.