रायतूरपासून ताळगावच्या पठारापर्यंत

ताळगावच्या पठारावरील गोवा विद्यापीठाच्या ग्रंथालयातील दुर्मिळ ग्रंथांच्या विभागात इतिहासकार डॉ. पांडुरंग सखाराम पिसुर्लेकर यांचा संग्रह जपलेला आहे. गोव्याचा आणि पोर्तुगीज अमलाखालील भारताचा इतिहास सांगणारी ही पुस्तके बहुतांशी पोर्तुगीज भाषेत आहेत. ती एका विद्वानाने हौसेने जमवलेली खासगी पुस्तके आहेत, अशी समजूत सहज होते. पण त्यांचा खरा उगम शोधायचा तर आपल्याला सोळाव्या शतकात जावे लागते.

भारतातला पहिला छापखाना 1556 साली गोव्यात उतरला. मुळात तो इथे यायचाच नव्हता. अबिसिनियाला निघालेल्या जेझुइट पाद्र्यांच्या सामानात तो होता, पण त्यांचा पुढचा प्रवास खोळंबला आणि छापखाना जुन्या गोव्यातील सेंट पॉल कॉलेजात राहिला. पुढे 1616 साली साष्टीतील रायतूरला जेझुइट पाद्री थॉमस स्टीफन्स यांचे ‘क्रिस्तपुराण’ रोमन लिपीत छापून निघाले. त्यातल्या ओव्या अस्सल मराठी आहेत. 1649 आणि 1654 मध्ये ते पुन्हा छापले गेले, तरी या तिन्ही आवृत्त्यांची एकही छापील प्रत आज उपलब्ध नाही. हस्तलिखितांच्या आधारे त्याची नवी आवृत्ती 1907 साली मंगळूरला निघाली. या भूमीत ग्रंथ किती सहज नाहीसे होत असत, हे एवढ्यावरून ध्यानात यावे.

त्याच 1616 साली गोव्यात दियोगु द कोतु यांचे निधन झाले. मराठी वाचकाला हे नाव फारसे परिचित नाही, आणि ते असायला हवे. 1595 साली पोर्तुगालच्या राजाने त्यांना गोव्यातील दप्तरखान्याचे प्रमुख नेमले आणि या प्रांताचे कागद एका छताखाली ठेवण्याची परंपरा सुरू झाली. लिस्बनहून राजाची पत्रे मोसमी वाऱ्यावर येणाऱ्या आरमाराबरोबर वर्षातून एकदा येत, म्हणून त्या पत्रांच्या खंडांना मोसमाचेच नाव पडले. भारतात कधी पाऊल न ठेवलेल्या जुआंव द बारुश यांनी आरंभलेला पोर्तुगीजांचा पूर्वेकडील इतिहास कोतु यांनी गोव्यात बसून पुढे नेला. त्यांच्या ग्रंथाचा एक भाग आगीत गेला, दोन भागांची हस्तलिखिते चोरीला गेली. त्या दोन भागांचा सारांश त्यांनी उतारवयात नव्याने लिहून काढला.

यानंतर मुद्रणाचा झरा आटत गेला आणि 1754 साली लिस्बनने गोव्यात छपाईस बंदीच घातली. 1821 साली सरकारी छापखाना सुरू झाला, 1832 साली पणजीत सार्वजनिक ग्रंथालय उभे राहिले. 1835 मध्ये ख्रिस्ती मठ बरखास्त झाल्यावर मठांच्या कोठड्यांत पडून असलेली पुस्तके सरकारच्या ताब्यात आली आणि त्यांतली बरीचशी या ग्रंथालयात पोचली. धर्मसंस्थेच्या हातून ग्रंथ राज्यसंस्थेच्या हाती गेले. गोव्याच्या ग्रंथेतिहासातले हे पहिले मोठे वळण.

दुसरे वळण एका ग्रंथपालामुळे आले. पोर्तुगालमधील एव्हरा येथील ग्रंथालय सांभाळलेले कुन्य रिव्हारा 1855 साली गव्हर्नर जनरलचे सचिव म्हणून गोव्यात आले. सचिवपद सांभाळून त्यांनी दप्तरखान्यातील कागद वाचायला घेतले आणि 1857 पासून ‘अर्किव्हु पुर्तुगेश ओरियेंताल’ ही मालिका भागाभागाने छापायला सुरुवात केली. एका भागात गोवा शहराला लिहिलेली राजांची पत्रे, दुसऱ्यात शहराला मिळालेल्या सनदा, चौथ्यात गोव्याच्या धर्मपरिषदांचे ठराव असा तिचा पसारा आहे. कोकणी भाषेच्या इतिहासावरचा त्यांचा प्रबंध 1858 सालचा. दप्तरातला कागद कोणालाही वाचता यावा म्हणून छापणे ही दृष्टी गोव्यात रिव्हारांनी रुजवली, आणि त्यांचे हे ऋण मोकळेपणाने मान्य केले पाहिजे.

हीच दृष्टी पुढे नेणाऱ्या पिसुर्लेकर यांचा जन्म 1894 साली सत्तरीतील पिसुर्ले गावी झाला. सत्तरी हा ‘नवी काबिजाद’ म्हणून ओळखला जाणारा मुलूख अठराव्या शतकात पोर्तुगीजांकडे गेला, त्यामुळे सोळाव्या शतकातील धर्मांतराची आणि ग्रंथजाळपोळीची झळ तिथे पोचली नव्हती. मराठीची परंपरा तिथे तुटली नाही. 1910 साली पोर्तुगालमध्ये प्रजासत्ताक आले आणि गोव्यातील हिंदूंना समान नागरी हक्क मिळाले. या दोन गोष्टी एकत्र आल्या नसत्या, तर कोतु यांनी उभारलेल्या दप्तरखान्याची सूत्रे सत्तरीतल्या एका हिंदू अभ्यासकाकडे आली नसती. 1961 मध्ये पोर्तुगीज राजवट संपेपर्यंत ती त्यांच्याकडेच राहिली. 1952 साली त्यांनी पोर्तुगीजांचे वकील म्हणून काम केलेल्या हिंदू, मुसलमान, ज्यू आणि पारशी मध्यस्थांवर ग्रंथ लिहिला. मग 1953 ते 1957 या काळात गोव्यातील पोर्तुगीज राज्य मंडळाच्या बैठकांची 1618 ते 1750 पर्यंतची इतिवृत्ते पाच खंडांत संपादित केली. हे खंड बार्देशातील बस्तोडा गावच्या रांजेल छापखान्यात छापले गेले. शिवाजी महाराजांनी बार्देशवर केलेली 1667 ची स्वारी आणि संभाजी महाराजांची 1683 ची मोहीम पोर्तुगीज मंडळाच्या नजरेतून कशी दिसली, हे त्यांत वाचायला मिळते. पुणे विद्यापीठाने 1967 साली त्यांचा ‘पोर्तुगेज-मराठे संबंध’ हा ग्रंथ मराठीत प्रसिद्ध केला. दोन वर्षांनी पिसुर्लेकर निवर्तले.

गोवा विद्यापीठ 1985 साली सुरू झाले. तोवर इथले पदव्युत्तर शिक्षण मुंबई विद्यापीठाच्या केंद्राकडे होते. पिसुर्लेकरांच्या नावाचा हा संग्रह आता या तरुण विद्यापीठाचा ठेवा आहे. एका अभ्यासकाच्या कामातून घडलेला असल्यामुळे त्यात सरकारी ग्रंथालयात न सापडणारी संगती आहे: मराठे आणि पोर्तुगीज यांच्या भेटीची रेघ त्यात ठळक दिसते. तो वाचायला पोर्तुगीज यावी लागते, आणि मूळ पत्रांपर्यंत जायचे तर मोडीही. 1961 नंतर गोव्यातील शाळांमधून पोर्तुगीज मागे पडली, तर मोडी त्याआधीच रोजच्या व्यवहारातून गेली होती. म्हणून ही भाषा आणि ही लिपी दोन्ही इतिहासाच्या विद्यार्थ्याला एकाच वर्गात शिकायला मिळाव्यात असे मला मनापासून वाटते. दप्तरखान्यातले पुष्कळ कागद अजून अशाच वर्गाची वाट पाहत आहेत.