वॉरनला सोनं दाखवलं कोणी?

कोलारचं सोनं इंग्रजांनी शोधलं, हे आपल्याकडे इतक्या सहज बोललं जातं की त्याला पुरावा मागावा असं कुणाच्या मनातही येत नाही. माण-खटाव, आटपाडी, खानापूर या पट्ट्यातली कितीतरी घरं गलाईच्या, म्हणजे सोनं-चांदी आटवून शुद्ध करण्याच्या, धंद्यावर उभी राहिली. दक्षिणेतल्या सराफ पेठांत आपली माणसं भट्टीपाशी बसलेली असतात. निदान त्यांनी तरी ही गोष्ट तपासून घ्यावी.

पूर्वपक्ष आधी नीट मांडू. 1799 मध्ये टिपू पडला आणि म्हैसूरच्या सरहद्दीच्या मोजणीचं काम लेफ्टनंट जॉन वॉरनकडे आलं. 1802 मध्ये त्याने उरिगाम-मारिकुप्पम भागातल्या सोन्याची नोंद केली. ती वाचून मायकेल लॅव्हेलने 1873 मध्ये खाणकामाचा परवाना मिळवला आणि 1880 मध्ये जॉन टेलर यांची कंपनी उतरली. नोंद, परवाना, खाण: साखळी पुरी झाली.

ही साखळी वॉरनच्याच हकिकतीत तुटते. त्याच्या कानावर सोन्याची बोलवा आली, म्हणून त्याने बक्षीस लावलं. गावकऱ्यांनी गाड्या भरून माती आणली आणि त्याच्यासमोर धुऊन कण काढून दाखवले. मारिकुप्पमला तर त्याने चालू खड्डेच पाहिले. परय्यर समाजाचे मजूर खाली उतरून दगड फोडत, टोपल्या हातोहात वर येत, बायका ते दगड कुटत आणि भुकटी धुऊन सोनं काढत. शोधणाराच जर चालू काम पाहून आला, तर शोध त्याचा कसा?

यावर उत्तर येतं की ते किरकोळ धुणं होतं, खरी खाण इंग्रजांचीच. मग रायचूर जिल्ह्यातल्या हट्टीकडे पाहा. तिथली जुनी खोदकामं सहाशे फुटांहून खोल गेली आहेत, आणि त्यांतल्या लाकूड-कोळशाचं वय कार्बन पद्धतीने सुमारे दोन हजार वर्षं निघालं. खडकाशी जाळ घालायचा, तापला की पाणी मारायचं, तडकला की फोडायचा. सुरुंगाच्या दारूशिवाय ही मंडळी एवढी खाली गेली. जवळच्या मस्कीचा अशोकाचा शिलालेखही 1915 मध्ये सापडला तो सोन्याच्या मागावर फिरणाऱ्या सी. बीडन या अभियंत्याला. मौर्यांचं सुवर्णगिरी याच टापूत होतं, असं बरेच अभ्यासक मानतात. धारवाडकडे कप्पतगुड्डाच्या ओढ्यांत वाळू धुणारे जलगार इंग्रजी अंमलातही सोनं काढत होतेच.

कंपनीचं श्रेय नाकारण्याचं कारण नाही. 1902 मध्ये शिवनसमुद्रची वीज कोलारला पोहोचली, चॅम्पियन रीफ ही खाण तीन किलोमीटरहून खोल गेली, आणि 2001 मध्ये टाळं लागेपर्यंत आठशे टनांच्या वर सोनं निघालं. हे जुन्या खड्ड्यांतून कधीच झालं नसतं. पण हा पराक्रम उत्खननाचा.

आपली माणदेशी जमीन काळ्या बेसॉल्टची, तिच्यात सोन्याची शीर नाही. तरी सोनं ओळखणं म्हणजे काय, हे आपल्या गलाईवाल्याला कळतं. तो मोडीच्या सोन्यात तिप्पट चांदी घालून वितळवतो, रस पाण्यात ओतून दाणे पाडतो, ते तेजाबात टाकतो. तांबूस धूर निघतो, चांदी विरघळते आणि तळाशी उरतो तपकिरी गाळ. नवख्याने तो फेकूनच दिला असता. धुऊन, सवागी टाकून मुशीत आटवल्यावर तो पिवळा होतो. मारिकुप्पमच्या त्या बायकांकडे असलीच जाण होती. वॉरनकडे होती ती शाई.

कॅलिफोर्नियातही हाच घोळ होता. 24 जानेवारी 1848 रोजी कोलोमाला जेम्स मार्शलला सोनं दिसलं, ही तारीख जगाला पाठ आहे. पण फ्रान्सिस्को लोपेझला प्लासेरिटाच्या खोऱ्यात ते 1842 मध्येच मिळालं होतं. तिथल्या सरकारने त्या जागेलाही ऐतिहासिक स्थळाचा क्रमांक दिला, आणि त्याने मार्शलचं काही बिघडलं नाही.

परमुलखात गेलेल्या आपल्या गलाई बांधवांच्या संघटना ठिकठिकाणी आहेत. कोलारच्या इतिहासाचा फलक कुणी लावायला घेतला, तर त्यांनी एका ओळीचा आग्रह धरावा: 'हे सोनं 1802 मध्ये मारिकुप्पम आणि उरिगामच्या लोकांनी लेफ्टनंट वॉरन यांना दाखवलं.' वॉरनचं नाव त्यात राहतंच.