ठासणीची बंदूक आणि कानस

काही वर्षांपूर्वी ओहायोत प्रोजेक्टवर असताना टीममधल्या एका अमेरिकन सहकाऱ्याने शनिवारी घरी बोलावलं. गॅरेजमधल्या टेबलावर एक बंदूक सुटी करून मांडलेली. ठासणीची, चकमकीची, अठराव्या शतकात पेनसिल्व्हेनियात घडवायचे त्या लांब रायफलीची नक्कल. नळी, मेपलचा दस्ता, चाप, पितळेचे भाग, सगळं एका खोक्यातून आलेलं. मी म्हटलं, "किट आहे ना? मग स्क्रू आवळले की झालं!" तो नुसता हसला.

दोन महिने चाललं होतं त्याचं. चाप दस्त्यात बसवायचा तर आतल्या बाजूला काजळ फासायचं, लाकडावर दाबायचं, उचलायचं. जिथे काळा डाग उमटेल तिथलं लाकूड पटाशीने किंचित तासायचं. पुन्हा काजळ, पुन्हा दाब. मग पितळेला कानस, दस्त्याला जवसाचं तेल, आणि नळीवर मुद्दाम गंज चढवून, घासून आणलेला तपकिरी रंग. नव्वद टक्के काम तयार असतं म्हणे! उरलेले दहा टक्के कसे असतात ते आपल्या धंद्यात वेगळं सांगायला नको.

मला वाटायचं किट ही आजची सोय. पण तेव्हाचे अमेरिकन कारागीरही पुष्कळदा इंग्लंडहून आलेला तयार चाप विकत घेऊन आपल्या दस्त्यात बसवत. पंचाईत एवढीच, की चापातला एक तुकडा मोडला तर दुसऱ्या चापातला तिथे बसेलच असं नाही. पुन्हा कारागीर, पुन्हा कानस.

1785 साली जेफरसन फ्रान्समध्ये अमेरिकेचा वकील होता. ओनोरे ब्लां नावाच्या कारागिराने त्याच्यापुढे पन्नास चापांचे सुटे भाग कप्प्यांत मांडले. जेफरसनने हाताला येतील ते तुकडे उचलून स्वतः काही चाप जोडले, आणि ते बसले! पठ्ठ्याने हे लगेच मायदेशी कळवलं.

एली व्हिटनीने 1798 मध्ये सरकारकडून 10,000 बंदुकांचं कंत्राट घेतलं, मुदत दोन वर्षं. 1801 मध्ये त्याने वॉशिंग्टनला अ‍ॅडम्स आणि जेफरसनसमोर प्रयोग केला, सगळे खूश. विसाव्या शतकात त्याच्या बंदुका उघडून पाहिल्या तर भाग एकमेकांत बसेनात. थोडक्यात, डेमो होता. शेवटची बंदूक पोचली 1809 मध्ये. शाळेच्या पुस्तकांत मात्र श्रेय व्हिटनीला.

खरं काम हार्पर्स फेरीच्या सरकारी कारखान्यात जॉन हॉलने केलं. यंत्रं बनवली, मापं तपासायला डझनावारी गेज बनवले, आणि 1820 च्या दशकात त्याच्या रायफलींचे भाग खरोखर अदलाबदल होऊ लागले. गंमत म्हणजे ती रायफल मागून भरायची होती. ठासणीच्या बंदुकीला हे भाग्य 1842 च्या मॉडेलपर्यंत लाभलं नाही.

त्याच 1842 मध्ये हार्पर्स फेरीच्या कारागिरांनी संप केला. पूर्वी ते आपल्या मर्जीने येत, ठरलेलं काम उरकलं की घरी जात. आता घड्याळ लागलं. ते बोट ठरवून कालव्यातून वॉशिंग्टनला गेले आणि थेट राष्ट्राध्यक्ष टायलरना भेटले. टायलरनी ऐकून घेतलं आणि कामावर परत जायला सांगितलं. घड्याळ राहिलं.

त्या शनिवारी संध्याकाळी सहकाऱ्याने माझ्याही हातात कानस दिली. पितळेचा एक कोपरा घासायला मला तास लागला. घड्याळाकडे दोघांचंही लक्ष नव्हतं.