जॅक एकच, घराणी दोन

1910 साली अमेरिकेच्या नौदलाकडे युटा राज्यातून एक पत्र आलं. कागद निळा-गुलाबी, शाई जांभळी आणि सोबत हाताने बनवलेली हेडफोनची जोडी. पाठवणारा नॅथनियल बाल्डविन नावाचा एक खटपट्या माणूस. पत्राचा थाट पाहून कोणीही ते बाजूला सारलं असतं, पण नौदलाच्या अधिकाऱ्यांनी हेडफोन लावून पाहिले. वायरलेसवरचे जे संदेश एरवी जेमतेम कानी पडायचे, ते यातून लख्ख ऐकू आले. नौदलाने आणखी हेडफोन मागवले, तेव्हा बाल्डविनने कळवलं की एका वेळी दहाच जमतील. त्याचा कारखाना म्हणजे घरचं स्वयंपाकघर होतं.

लॅपटॉपला हेडफोन लावायचे, व्हॉल्यूमची पट्टी 100 वर न्यायची आणि तरीही सिनेमातले संवाद नीट ऐकू येत नाहीत म्हणून वैतागायचं, हा आजच्या अनेकांचा अनुभव. ही तक्रार हेडफोनइतकीच जुनी आहे. फरक एवढाच, की गेल्या शंभर-सव्वाशे वर्षांत आवाज वाढवण्याची जबाबदारी सतत इकडून तिकडे ढकलली गेली. कधी ती हेडफोनवर होती, कधी यंत्रावर, कधी सॉफ्टवेअरवर.

बाल्डविनच्या काळी ती पूर्णपणे हेडफोनवर होती. त्याआधी, 1880च्या दशकात, अमेरिकेतल्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये एझ्रा गिलिलँडने बनवलेला जो संच ऑपरेटर वापरत, तो खांद्यावर पेलावा लागे आणि त्याचं वजन दहा पौंडांच्या घरात होतं. पुढे क्रिस्टल रेडिओ आला. त्याला बॅटरी नाही की विजेची जोडणी नाही. एरियलच्या तारेत जी काही ऊर्जा सापडेल, तेवढ्यावरच ऐकायचं. आवाज कमी वाटला तर उपाय तीनच: एरियल लांब करा, अर्थिंग सुधारा, नाहीतर चांगले हेडफोन घ्या. बाल्डविनने पडद्यावर थेट चुंबकाची ओढ न लावता मधे एक तोललेली लोखंडी पट्टी बसवली आणि तिच्या हालचालीने अभ्रकाचा पातळ पडदा हलवला. त्यामुळे अगदी क्षीण प्रवाहातूनही ऐकण्याजोगा आवाज निघू लागला. त्या काळच्या अशा हेडफोनमध्ये केसासारख्या बारीक तारेचे हजारो वेढे असत आणि त्यांचा विद्युतविरोध हजार-दोन हजार ओहमपर्यंत जाई.

1920च्या दशकात व्हॉल्व्हचे रेडिओ आणि लाउडस्पीकर घरोघर पोचले, तसे हेडफोन दिवाणखान्यातून बाहेर पडले. ते टिकले वैमानिकांच्या, ऑपरेटरांच्या आणि रेडिओ स्टुडिओतल्या तंत्रज्ञांच्या कानांवर. 1937 साली बर्लिनच्या ऑयगेन बायर यांच्या कंपनीने डीटी 48 बाजारात आणला. लाउडस्पीकरमध्ये असतं तसं हलतं वेटोळं त्यांनी हेडफोनमध्ये बसवलं. 1958 मध्ये अमेरिकेतल्या मिलवॉकीच्या जॉन कॉस यांनी रेकॉर्ड प्लेअरला जोडायचे स्टिरिओ हेडफोन काढले. 1968 मध्ये जर्मनीच्या झेनहायझरचा एचडी 414 आला. पिवळ्या स्पंजच्या गाद्यांचा हा हलका हेडफोन तुफान खपला, आणि त्याचा विरोध होता 2000 ओहम.

एवढा मोठा विरोध ठेवण्यात तेव्हा शहाणपण होतं. हेडफोन ज्याला लावायचे ते यंत्र भिंतीतल्या विजेवर चालायचं, त्याच्याकडे व्होल्टेजची कमतरता नसायची. विरोध जास्त म्हणजे प्रवाह कमी. त्यामुळे स्टुडिओत एकाच जोडणीवर अनेक हेडफोन लावता येत. हे झालं हेडफोनचं पहिलं घराणं. त्याला व्होल्टेज भरपूर लागतं आणि ते मिळेल या भरवशावरच ते घडवलं गेलं.

दुसऱ्या घराण्याचा जन्म खिशात झाला. 1 जुलै 1979 रोजी सोनीचा पहिला वॉकमन जपानमध्ये विक्रीला आला. त्यात दोन पेन्सिल सेल होते, म्हणजे सगळे मिळून तीन व्होल्ट. त्या यंत्राला हेडफोनची दोन छिद्रं होती, दोघांना एकत्र ऐकता यावं म्हणून; आणि एक नारिंगी बटण, जे दाबलं की संगीताचा आवाज उतरे आणि मायक्रोफोनमधून शेजारच्याशी बोलता येई. तीन व्होल्टवर 2000 ओहमचे हेडफोन चालवण्यात अर्थ नव्हता. म्हणून खिशातल्या यंत्रांसाठी कमी विरोधाचे, पुढे सरसकट 16 ते 32 ओहमचे, पिसासारखे हलके हेडफोन बनू लागले.

या दोन्ही घराण्यांची गाठ पडली ती जॅकमध्ये. टेलिफोनच्या स्विचबोर्डवर एकोणिसाव्या शतकात रुळलेला पाव इंची, म्हणजे 6.35 मिलिमीटरचा प्लग स्टुडिओत गेला. त्याची 3.5 मिलिमीटरची धाकटी आवृत्ती ट्रान्झिस्टर रेडिओंबरोबर पसरली आणि वॉकमनने ती जगभर नेली. मग स्टुडिओचे हेडफोनही अडॅप्टर लावून त्याच लहान छिद्रात जाऊ लागले. प्लग बसला की माणूस समजतो, जमलं. प्रत्यक्षात जमतंच असं नाही.

हिशोब साधा आहे. व्होल्टेजचा वर्ग भागिले विरोध म्हणजे शक्ती. साध्या लॅपटॉपच्या जॅकमधून फार तर एक व्होल्टच्या आसपास निघतं असं धरू. 32 ओहमच्या हेडफोनला त्यातून 31 मिलिवॅट मिळतात आणि तेवढे कान बधिर करायला पुरतात. तोच प्लग 300 ओहमच्या हेडफोनचा असेल, तर मिळतात जेमतेम 3.3 मिलिवॅट. 600 ओहमच्या हेडफोनच्या वाट्याला दोनही येत नाहीत. आवाज दुप्पट मोठा वाटायला साधारण दहापट शक्ती लागते. त्यामुळे बाकी सगळं सारखं धरलं, तर 32 वरून 300 ओहमवर गेलेल्याला आवाज जवळपास निम्म्यावर आल्यासारखा वाटतो. पट्टी मात्र दोन्ही वेळा 100 वरच असते.

ही पट्टी संगणकात सुरुवातीला नव्हतीच. ऑगस्ट 1981 मध्ये आलेल्या आयबीएम पीसीच्या पोटात सव्वादोन इंची स्पीकर होता. तो पीं-पीं करायचा आणि त्याला आवाज कमी-जास्त करण्याची सोयच नव्हती. 1989 मध्ये सिंगापूरच्या सिम वाँग हू यांच्या क्रिएटिव्ह कंपनीने साउंड ब्लास्टर आणलं. या कार्डावर चार वॉटचा छोटा अ‍ॅम्प्लिफायर होता आणि कॅबिनेटच्या मागे, जिथे केबली लागतात तिथे, बोटाने फिरवायची दातेरी चकती होती. आवाज वाढवायचा तर टेबलाखाली वाकायचं, धुळीत हात घालायचा, वायरींच्या गुंत्यात चकती चाचपायची आणि अंदाजाने फिरवायची. गैरसोय होती, पण हेडफोन त्या कार्डाच्या छिद्रात लावला तर शक्तीची ददात नव्हती. नव्वदच्या दशकात मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीतून सुटे भाग आणून पीसी असेंबल करणाऱ्यांच्या यादीत साउंड कार्ड हा वेगळा, ऐपतीप्रमाणे घालायचा किंवा गाळायचा खर्च असे.

त्याच काळातल्या सीडी-रॉम ड्राइव्हच्या तोंडावरही हेडफोनचं छिद्र आणि इवलीशी चकती असायची. गाण्याची सीडी घालायची, हेडफोन थेट ड्राइव्हला लावायचे आणि संगणकाच्या सॉफ्टवेअरला न विचारता ऐकायचं.

मग आपापला अ‍ॅम्प्लिफायर पोटात घेऊन आलेले स्पीकर स्वस्त झाले. कार्डावरच्या अ‍ॅम्प्लिफायरची गरज उरली नाही. इंटेलने एसी 97 हे मानक ठरवून दिल्यावर आवाजाचं सगळं काम मदरबोर्डवरच्या नखाएवढ्या चिपमध्ये मावू लागलं. खेकड्याचं चिन्ह मिरवणाऱ्या तैवानच्या रिअलटेक कंपनीच्या चिप त्या जागी घरोघर गेल्या. स्पीकरचं छिद्र पोपटी, माइकचं गुलाबी, हा रंगांचा संकेतही त्याच सुमारास पक्का झाला. लॅपटॉपमध्ये तर जागा आणि बॅटरी दोन्हींची काटकसर. तोशिबाच्या काही लॅपटॉपवर पुढच्या कडेला चकती बरीच वर्षं तग धरून होती. नंतर तीही गेली आणि आवाजाचं नियंत्रण पडद्यावर आलं.

पडद्यावरच्या पट्टीचा एक स्वभाव फारसा लक्षात येत नाही. ती आवाज वाढवत नाही, फक्त कमी करते. 100 म्हणजे काटछाट न करता जसं आहे तसं पुढे पाठवणं. विंडोज 98 किंवा एक्सपीमध्ये घड्याळाशेजारच्या स्पीकरवर दोनदा क्लिक केलं, की पट्ट्यांची रांगच उघडायची: मुख्य व्हॉल्यूम, वेव्ह, सीडी ऑडिओ, लाइन इन. मुख्य पट्टी टोकाला आणि ‘वेव्ह’ अर्ध्यावर, अशी स्थिती कितीतरी संगणकांवर असे. आवाज कमी येतो म्हणून लोक स्पीकर बदलायचे आणि दोष निघायचा या दुसऱ्या पट्टीत. 2007 मध्ये विंडोज व्हिस्टाने प्रत्येक प्रोग्रॅमला वेगळी पट्टी दिली. म्हणजे काटछाटीच्या जागा आणखी वाढल्या.

या सगळ्यात व्हीएलसीने धमाल उडवली. 1996 मध्ये पॅरिसजवळच्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयात विद्यार्थ्यांचा प्रकल्प म्हणून सुरू झालेल्या आणि 2001 पासून सर्वांना खुल्या असलेल्या या प्लेअरची पट्टी 200 टक्क्यांपर्यंत जायची. लिनक्सच्या ग्नोम डेस्कटॉपमध्येही 150 टक्क्यांपर्यंत जाण्याची मुभा आहे. शंभरातून दोनशे कसे निघतात, हा प्रश्न रास्त होता. उत्तर सिनेमाच्या ध्वनिमुद्रणात आहे. थिएटरसाठी मिसळलेल्या आवाजात स्फोट आणि पाठलाग यांच्यासाठी वर बरीच जागा राखलेली असते, त्यामुळे संवाद कमाल पातळीच्या वीस-पंचवीस डेसिबल खाली राहतात. त्यातही 5.1 पद्धतीत संवाद मधल्या स्पीकरचे. लॅपटॉपवर ते डाव्या-उजव्यात वाटताना तीनेक डेसिबल आणखी कापले जातात. व्हीएलसीचे 200 टक्के म्हणजे सहा डेसिबलची वाढ, आणि ती या रिकाम्या जागेतून काढलेली. शांत संवादांना तिचा खरोखर फायदा व्हायचा. पण सोळा बिटांच्या ध्वनीत 32,767 च्या वर आकडाच नाही. आधीच टोकाला पोचलेल्या गाण्याला दुप्पट केलं, की लाटेचा माथा सपाट कापला जातो आणि आवाज चिरका होतो. पुढच्या आवृत्त्यांत व्हीएलसीने पट्टी 125 वर थांबवली. विंडोजमधल्या ‘लाउडनेस इक्वलायझेशन’ची युक्ती वेगळी: दबके आवाज उचलायचे, मोठे आवाज दाबायचे. रात्री सिनेमा बघणाऱ्याला ती सोयीची, शास्त्रीय संगीत ऐकणाऱ्याला नकोशी. हळुवार आणि जोरकस स्वरांतला चढ-उतारच त्यात सपाट होतो.

दुसऱ्या बाजूने कायदा आला. फ्रान्सने 1996 मध्ये खिशातल्या प्लेअरांच्या आवाजाला 100 डेसिबलची मर्यादा घातली. 2002 मध्ये अ‍ॅपलचा आयपॉड त्या मर्यादेबाहेर निघाला, म्हणून तिथली विक्री काही काळ थांबली आणि कंपनीला सॉफ्टवेअर बदलून आवाज खाली आणावा लागला. युरोपीय मानकाने सोबतच्या हेडफोनशिवाय विकल्या जाणाऱ्या प्लेअरच्या जॅकवर 150 मिलिव्होल्टचा बंधारा घातला. खिशातल्या घराण्याला तो पुरेसा होता, पण 300 ओहमवाल्यांच्या हाती त्यातून काहीच लागत नव्हतं.

दरम्यान हौशी लोकांनी अ‍ॅम्प्लिफायर पुन्हा खोक्याबाहेर काढला. 1998 मध्ये चू मॉय या अमेरिकन हौशी माणसाने एक ऑप-अ‍ॅम्प चिप आणि नऊ व्होल्टची बॅटरी यांवर चालणाऱ्या छोट्या हेडफोन अ‍ॅम्प्लिफायरचा आराखडा सर्वांसाठी खुला केला. तो पेपरमिंटच्या गोळ्यांच्या पत्र्याच्या डबीत नेमका बसायचा, आणि ‘सीमॉय’ या नावाने जगभरच्या सोल्डरिंग करणाऱ्यांनी तो बनवला. 2011 मध्ये ‘एनडब्ल्यूएव्हीगाय’ या टोपणनावाने लिहिणाऱ्या एका अभियंत्याने ओ2 नावाचा आराखडा प्रसिद्ध केला. महागड्या यंत्रांचे दावे मोजमाप करून खोडायचे, हा त्याचा खाक्या. पुढच्याच वर्षी तो एकाएकी गप्प झाला. तो कोण होता, हे उघड झालं नाही. त्याच वर्षी, 2012 मध्ये, ऑडिओक्वेस्टचा ड्रॅगनफ्लाय आला: पेन ड्राइव्हएवढा, लॅपटॉपच्या यूएसबीत खोचायचा आणि दुसऱ्या टोकाला हेडफोन लावायचा. आज शे-पाचशे रुपयांपासून मिळणारे यूएसबी-सी डोंगल हेच काम करतात. त्यांच्यातही भेद आहेत. अ‍ॅपलचाच डोंगल अमेरिकेत एक व्होल्ट देतो. युरोपात विकला जाणारा, दिसायला हुबेहूब तसाच डोंगल त्याच्या निम्म्यावर थांबतो.

2021 च्या मॅकबुक प्रोमध्ये अ‍ॅपलने जॅकलाच हेडफोन ओळखायला शिकवलं. प्लग आत गेला की यंत्र त्याचा विरोध मोजतं. 150 ओहमच्या आत असेल तर जास्तीत जास्त सव्वा व्होल्ट, 150 ते 1000 ओहमच्या दरम्यान असेल तर तीन व्होल्ट. बायर यांच्या कंपनीच्या, म्हणजे बायरडायनॅमिकच्या, 600 ओहमच्या हेडफोनला एरवी जिथे अडीच मिलिवॅट मिळाले असते, तिथे आता पंधरा मिळतात. इतर बहुतेक लॅपटॉपना मात्र आजही आपल्याला काय जोडलं आहे याचा पत्ता नसतो. तिथे स्टुडिओच्या घराण्यातला हेडफोन वापरणाऱ्याला आधी पडद्यावरच्या सगळ्या पट्ट्या तपासाव्या लागतात आणि मग हेडफोनच्या खोक्यावरचा ओहमचा आकडा बघून डोंगल घ्यावा लागतो.