लिनक्स डेस्कटॉप : दैनंदिन वापरातील अडचणी

लिनक्सवर आधारलेली संचालन प्रणाली घरातल्या किंवा कार्यालयातल्या संगणकावर रोजच्या कामासाठी वापरताना येणारे अडथळे. सर्व्हर आणि अँड्रॉइड फोन यांत लिनक्स सर्वत्र आहे. जगातल्या पहिल्या ५०० महासंगणकांवर २०१७ पासून तेच चालते. टेबलावरच्या संगणकावर मात्र ते अजून अल्पसंख्यच राहिले. ‘लिनक्स अवघड आहे’ हे त्याचे नेहमी दिले जाणारे कारण पुरेसे नाही. बारकाईने पाहिले तर बहुतेक तक्रारी सांध्यांच्या आहेत. एकेक भाग उत्तम बनलेला असतो, पण दोन भाग जिथे जुळतात ती जागा सांभाळण्याची जबाबदारी कोणाचीच नसते आणि ते काम अखेर वापरणाऱ्याच्या गळ्यात पडते.

हेलसिंकी विद्यापीठात शिकणाऱ्या लिनस टॉरवाल्ड्स यांनी १९९१ मध्ये जे जाहीर केले, ते फक्त कर्नल, म्हणजे प्रणालीचा गाभा, होते. पडद्यावर खिडक्या काढणारी एक्स प्रणाली त्याआधीच, १९८४ मध्ये, अमेरिकेतल्या एमआयटी संस्थेत सुरू झाली होती. केडीई (१९९६) आणि ग्नोम (१९९७) ही डेस्कटॉपची दोन मोठी रूपे वेगवेगळ्या गटांनी उभी केली. आवाज, छपाई, नेटवर्क यांचेही कर्ते वेगळे. डेबियन, फेडोरा, उबुंटू यांसारखे वितरण हे सगळे एकत्र बांधून देते. लॅपटॉप बनवणारी कंपनी मात्र आपले यंत्र बहुधा विंडोजवरच तपासून बाजारात आणते. लिनक्स आधीपासून बसवून आलेल्या यंत्रावर या नोंदीतल्या बऱ्याच तक्रारी उद्भवतच नाहीत, हे लक्षात ठेवले पाहिजे.

हार्डवेअरच्या तक्रारींत ग्राफिक्स कार्ड सर्वांत वर आहे. एन्व्हिडियाचा बंदिस्त ड्रायव्हर कर्नलच्या बाहेर राहतो. कर्नलचे अपडेट आले की त्याचा जोडभाग नव्याने बांधावा लागतो आणि ते फसले तर संगणक काळ्या पडद्यावर थांबतो. सिक्युअर बूट चालू असेल तर त्या भागावर डिजिटल सहीही लागते. २०१२ मध्ये फिनलंडमधल्या एका कार्यक्रमात टॉरवाल्ड्स यांनी या कंपनीवर जाहीरपणे, अपशब्दांत राग काढला होता. २०२२ मध्ये कंपनीने कर्नलमधला भाग खुला केल्यावर परिस्थिती सुधारू लागली. लॅपटॉप मिटून पिशवीत ठेवावा आणि तासाभराने तो गरम होऊन बॅटरी उतरलेली सापडावी, ही तक्रारही जुनीच आहे. नव्या यंत्रांत जुन्या पद्धतीची गाढ झोप उत्पादकच काढून टाकतात. नव्या पद्धतीत प्रत्येक घटकाला नीट झोपवणे ड्रायव्हरवर अवलंबून असते.

एकाच संगणकावर विंडोज आणि लिनक्स दोन्ही ठेवणाऱ्यांना भारतात एक खास अनुभव येतो. लिनक्समधून बाहेर पडून सकाळी १० वाजता विंडोज सुरू केले, तर घड्याळ ४:३० दाखवते. यात बिघाड काहीच नसतो. मदरबोर्डवरच्या घड्याळात लिनक्स जागतिक प्रमाणवेळ लिहिते, विंडोज तीच स्थानिक वेळ समजून वाचते आणि भारतीय प्रमाणवेळेचे साडेपाच तास मधल्या मध्ये गळून पडतात. दोन्ही पद्धती आपापल्या जागी सुसंगत आहेत. उपाय एका कमांडचा आहे, पण ती देताच लिनक्स इशारा देते की स्थानिक वेळ ठेवणे योग्य नाही. उन्हाळ्यात घड्याळे पुढे सरकवणाऱ्या देशांत त्या इशाऱ्याला मोठा अर्थ आहे. भारतात तशी प्रथा नसल्याने इथे तो बहुतांशी निरर्थक ठरतो, पण नवशिक्याला हे कळायला मार्ग नसतो. याच जोडीतली दुसरी अडचण विंडोजच्या ‘फास्ट स्टार्टअप’ची. त्यात विंडोज पूर्ण बंद होतच नाही, त्यामुळे त्याचे डिस्कवरचे विभाजन लिनक्समध्ये बरेचदा फक्त वाचण्यापुरतेच उघडते.

प्रिंटरांत एकसारखेपणा नाही. एचपीचे बरेचसे प्रिंटर जोडताच चालतात. भारतातल्या लहान कार्यालयांत सर्रास दिसणारा कॅननचा एलबीपी २९०० मात्र स्वतःच्याच बंदिस्त पद्धतीने छापतो आणि तो लिनक्सवर चालता करणे हे चिकाटीचे काम आहे. आवाजाची रडकथा आता बरीच मागे पडली आहे. २००८ च्या सुमारास पल्सऑडिओ घाईने आणल्यामुळे जी नाराजी पसरली होती, ती पाइपवायर आल्यावर ओसरली. पडद्याचे एक्सवरून वेलँडकडे संक्रमण मात्र अजून चालू आहे. २००८ मध्ये सुरू झालेले वेलँड हे एक्सपेक्षा सुरक्षित आहे; एका ॲपला दुसऱ्याची खिडकी चोरून पाहता येत नाही. पण याच बंधनामुळे ऑनलाइन बैठकीत पडदा दाखवणे कित्येक वर्षे अडले होते.

सॉफ्टवेअर बसवण्याचा प्रश्न खुद्द टॉरवाल्ड्स यांनाही सुटलेला नव्हता. पाण्याखाली बुडी मारणाऱ्यांच्या बुड्या नोंदवणारे सबसरफेस हे सॉफ्टवेअर त्यांनी सुरू केले. विंडोज आणि मॅकसाठी आम्ही तयार फाइल देतो, लिनक्ससाठी नाही, कारण प्रत्येक वितरणासाठी वेगळी करावी लागते, अशी तक्रार त्यांनी २०१४ च्या डेबियन परिषदेत केली. एकच पॅकेज वेगवेगळ्या वितरणांवर चालवणारी फ्लॅटपॅक आणि स्नॅप ही त्यानंतर रुजलेली उत्तरे आहेत. २०२१ मध्ये लिनस सेबॅस्टियन या कॅनडातल्या यूट्यूबरने पॉप ओएस या वितरणावर स्टीम हे खेळांचे ॲप बसवायला घेतले. ॲप स्टोअरमधून जमेना, म्हणून त्याने टर्मिनल उघडले. वितरणाच्या भांडारातल्या पॅकेजांचा मेळ त्या वेळी चुकलेला होता, त्यामुळे स्टीमसाठी डेस्कटॉपच काढून टाकण्याची तयारी प्रणालीने केली. काढायच्या पॅकेजांची लांब यादी दाखवून ‘होय, मी सांगतो तसे कर’ अशा अर्थाचे इंग्रजी वाक्य टाइप करायला सांगितले. त्याने ते केले आणि डेस्कटॉप नाहीसा झाला. इशारा होता हे खरे, पण एक खेळ बसवायला निघालेल्या माणसाने डझनावारी पॅकेजांच्या नावांतून धोका ओळखावा ही अपेक्षाच अन्याय्य आहे. पुढे पॅकेजे बसवणाऱ्या ॲप्ट या साधनातून ही सोय काढून टाकण्यात आली.

मराठीत काम करणाऱ्याच्या वाट्याला या सगळ्याशिवाय आणखीही काही येते. इनस्क्रिप्ट आणि फोनेटिक कळफलक सहज मिळतात, मराठी टाइपही होते. मात्र वेलँडवर चालणाऱ्या काही ॲपमध्ये आयबस ही टंकनव्यवस्था पोहोचत नाही. शेजारच्या खिडकीत उमटणारे मराठी तिथे उमटत नाही आणि ते ॲप वेगळा पर्याय देऊन सुरू करावे लागते. लोहित आणि नोटो या फॉण्टांत पाकळीचा ल आणि देठाचा श दोन्ही आहेत, पण मजकुराची भाषा ‘मराठी’ अशी नोंदवल्याशिवाय ते दिसत नाहीत, हिंदी वळणच दिसते. विंडोजच्या मंगल फॉण्टमधले पत्र लिनक्सवर लिब्रेऑफिसमध्ये उघडले, तर तो फॉण्ट नसल्याने दुसरा लागतो आणि एका पानात बसलेली सही पुढच्या पानावर जाते. सर्वांत चिवट अडचण जुन्या मजकुराची आहे. पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकचे श्रीलिपी आणि सी-डॅकचे आयएसएम यांवर मराठी मुद्रणाच्या पिढ्या वाढल्या, आणि ही साधने विंडोजची आहेत. ‘सुरेख’सारख्या युनिकोडपूर्व फॉण्टांत अक्षरे रोमन अक्षरांच्या जागी साठवलेली असतात. फॉण्ट नसलेल्या लिनक्स संगणकावर तो मजकूर उघडला की निरर्थक रोमन अक्षरांचा ढीग दिसतो. तो युनिकोडमध्ये आणणारी रूपांतरके आहेत, परंतु रफार आणि जोडाक्षरे यांत चुका राहतात, म्हणून रूपांतरित मजकूर ओळन् ओळ वाचून घ्यावा लागतो.