नम्पाय: सगळ्यांच्या लायब्ररीचा गाळ कोण काढतो?

आज बीडमधून एका ओळीचा इतिहास सांगतो. आपल्या जिल्ह्यात, अंबाजोगाईच्या इंजिनिअरिंग कॉलेजात काय किंवा बीडच्या एखाद्या क्लासमध्ये काय, डेटाचं काम शिकणारी पोरं ही ओळ सुरुवातीलाच लिहितात: 'इम्पोर्ट नम्पाय अ‍ॅज एनपी'. पैसे लागत नाहीत, कुणाची परवानगी लागत नाही. त्यामुळे वाटतं, हे पायथॉनसोबतच आलं असणार. तसं नाही. यामागे दहा-अकरा वर्षांची ओढाताण आहे.

प्रोग्रॅमिंग भाषेचं व्याकरण वेगळं आणि तिच्यासोबत मिळणारी तयार अवजारं वेगळी. या अवजारांच्या पेटीला स्टँडर्ड लायब्ररी म्हणतात. गिडो फान रॉसम यांनी १९९१ साली पायथॉन जगापुढे आणली आणि हळूहळू तिची पेटी चांगली भरली. पण लाखो आकड्यांवर एका दमात गणित करायचं अवजार त्यात नव्हतं. पायथॉनच्या साध्या यादीत प्रत्येक आकडा ही स्वतंत्र वस्तू असते, म्हणून मोठ्या हिशेबाला ती फार हळू पडते. शास्त्रज्ञांची अडचण नेमकी हीच होती.

मग वापरणाऱ्यांनीच पेटी बनवायला घेतली. १९९५ साली एमआयटीतल्या जिम ह्यूगुनिन या विद्यार्थ्याने, इतरांच्या मदतीने, 'न्यूमेरिक' लिहिली. २००१ साली ट्रॅव्हिस ऑलिफंट, एरिक जोन्स आणि एस्टोनियाचे पेआरू पेटरसन यांनी आपापलं काम एकत्र करून 'सायपाय' उभी केली. त्यात त्यांनी सगळं नव्याने लिहिलं नाही. फोरट्रान भाषेतली, कित्येक वर्षं वापरून पारखलेली गणिती कामं पायथॉनमधून चालवता येतील अशी जोडून घेतली.

आता अडचण बघा. हबल दुर्बिणीचं काम पाहणाऱ्या अमेरिकेतल्या संस्थेला न्यूमेरिक पुरेना. त्यांच्या प्रतिमा प्रचंड मोठ्या. त्यांनी 'नमअ‍ॅरे' नावाची दुसरी लायब्ररी लिहिली. ती मोठ्या आकडेवारीला वेगवान, पण छोट्या हिशेबाला न्यूमेरिकपेक्षा हळू. दोघांचंही बरोबर होतं आणि म्हणूनच भांडण अवघड होतं. काही पॅकेजं एकीवर उभी राहिली, काही दुसरीवर. एका गावात दोन नळयोजना आणि पाइपचे व्यास वेगवेगळे, अशी गत झाली.

२००५ साली ऑलिफंट यांनी दोन्ही एक करायचं काम हाती घेतलं. न्यूमेरिकचा पाया धरला, नमअ‍ॅरेतले चांगले गुण त्यात आणले आणि ऑक्टोबर २००६ मध्ये 'नम्पाय १.०' आली. माझ्या मते या इतिहासातली सगळ्यात मोठी गोष्ट कोडमध्ये नाही. आपली लायब्ररी चांगली चाललेली असताना नमअ‍ॅरेवाले नव्या लायब्ररीकडे वळले आणि जुनी त्यांनी हळूहळू बंद होऊ दिली. सामाईक लायब्ररी तिथे जुळली.

मग नम्पाय पायथॉनच्या अधिकृत पेटीत का गेली नाही? पेटीत गेलेली वस्तू भाषेच्या वेळापत्रकाला बांधली जाते आणि तिच्यात पटकन बदल करता येत नाही. म्हणून सगळी लायब्ररी आत नेण्याऐवजी फक्त सांधा आत नेला. दोन लायब्रऱ्यांनी एकच मेमरी नक्कल न करता कशी वाटून घ्यायची, याचा नियम ऑलिफंट आणि त्यांच्या सहकाऱ्याने मांडला, आणि तो २००८ च्या पायथॉन ३.० मध्ये आला. भाषेने जोडणी सांभाळायची, अवजारं वापरणाऱ्यांनी सांभाळायची, अशी वाटणी झाली.

यात महाराष्ट्राचा वाटा पवईत सापडतो. आयआयटी मुंबईचे प्राध्यापक प्रभू रामचंद्रन यांनी, तिथे येण्याआधीच, वैज्ञानिक आकडेवारी त्रिमितीत दाखवणारी 'मायावी' लिहिली होती. हे मोफत अवजार जगभर वापरलं जातं. पुढे आयआयटी मुंबईत केंद्र सरकारच्या निधीतून 'फॉसी' प्रकल्प आला. त्याची एक पद्धत मला फार आवडते. विद्यार्थ्याने अभ्यासक्रमातलं एखादं पुस्तक निवडायचं, ते मंजूर करून घ्यायचं आणि त्यातली सोडवलेली उदाहरणं सायलॅब किंवा पायथॉनमध्ये लिहायची. कोणी तरी ती तपासायचं, मग ती सगळ्यांसाठी खुली. वर विद्यार्थ्याला मानधन. काम लहान तुकड्यांत, तपासणी पक्की आणि मेहनतीचा मोबदला. सामुदायिक कामाची घडी अशीच बसते.

मोबदल्यावर मी मुद्दाम जोर देतोय. नम्पाय १.० नंतर साधारण दहा वर्षं बहुतेक सगळा भार मोजक्या माणसांनी फावल्या वेळात वाहिला. तिच्या विकासासाठी थेट मोठा निधी मिळाला तो २०१७ साली. २०१९ मध्ये कृष्णविवराची पहिली प्रतिमा आली, त्या गणितातही नम्पाय होती.

आपली खजाना विहीर सगळ्यांना माहीत आहे. सोळाव्या शतकातलं, निजामशाहीतलं काम. जमिनीखालच्या बोगद्यांतून पाणी उताराने शेतांकडे जातं. ती कोणी बांधली हे आपण कौतुकाने सांगतो. पण अशी व्यवस्था टिकते ती बोगदे वाहते ठेवणाऱ्यांमुळे, आणि त्यांची नावं इतिहासात येत नाहीत. लायब्ररीचंही तसंच आहे.

त्यामुळे 'बीडमध्ये बसून आम्ही काय करणार?' असं विचारणाऱ्या पोरांना माझं उत्तर साधं आहे. नवी लायब्ररी लिहायची घाई नको. वापरताना चूक सापडली, तर ती पुन्हा घडवून दाखवेल असं चार ओळींचं उदाहरण तयार करा आणि लिहिणाऱ्यांना कळवा. माहितीपुस्तिकेतलं एखादं वाक्य कळलं नसेल, तर ते सुधारून पाठवा. हाही गाळ काढणंच आहे आणि त्याला मुंबई-पुण्याला जावं लागत नाही.

भेटू पुढच्या भागात.