नांगरवाल्यांचं मासिक

लोखंडी नांगर विकायचा कसा? प्रश्न साधा वाटतो, पण 1910 च्या आसपास लक्ष्मणराव किर्लोस्करांना तो चांगलाच छळत होता. लोखंडाने जमीन नासते, अशी शेतकऱ्यांची समजूत. म्हणजे माल उत्तम आणि गिऱ्हाईक नाही! स्टार्टअपवाल्या मंडळींना हे दुःख वेगळं सांगायला नको.

बेळगावातलं सायकलचं दुकान, मग कडबा कापायचं यंत्र, नांगर आणि 1910 साली औंध संस्थानातल्या माळावर किर्लोस्करवाडी (आज सांगली जिल्ह्यात), ही गोष्ट बऱ्याच जणांना माहीत असते. मला जास्त आवडतात ते त्यांचे पुतणे, शंकरराव, म्हणजे शं. वा. किर्लोस्कर. हाडाचे चित्रकार. जानेवारी 1920 मध्ये त्यांनी 'किर्लोस्कर खबर' सुरू केलं. कारखान्याची खबर गिऱ्हाइकांपर्यंत पोचवायची, एवढाच सरळ हिशेब. तिकडे अमेरिकेत जॉन डीअर ही नांगराचीच कंपनी 1895 पासून 'द फरो' काढत होती. आज याला 'कंटेंट मार्केटिंग' म्हणतात आणि त्याचे कोर्सेस विकतात. असो.

पण नांगराचं कौतुक दर महिन्याला कोण वाचणार? शंकररावांना हे कळलं असणार, कारण अंकात हळूहळू नांगर कमी आणि वाचक जास्त दिसू लागला. उद्योगधंदे, स्वावलंबन, रूढींवर टीका. 1929 मध्ये नावातली 'खबर' गळाली आणि नुसतं 'किर्लोस्कर' उरलं. 1930 ला 'स्त्री' आलं, 1934 ला 'मनोहर'. सावरकरांचे विज्ञाननिष्ठ निबंध 'किर्लोस्कर'मध्येच यायचे. ज्यांच्याकडे वीतभर शेत नाही, अशा घरांत नांगरवाल्यांचं मासिक जाऊ लागलं. माल सगळ्यांना विकायचा आणि लिहायचं मात्र रूढींविरुद्ध! आजचा कुठलाही ब्रँड मॅनेजर याला परवानगी देणार नाही.

हे सगळं आठवायचं कारण, कसबा पेठेतला माझा एक मित्र आयटीतली नोकरी सोडून सोशल मीडिया मार्केटिंगचा धंदा काढतोय. होम लोन चालू आहे, हातात सहा महिने पुरतील एवढे पैसे. पहिलं गिऱ्हाईक घराजवळच्या तांबट आळीतलं, पेशवाईपासून जिथे तांब्यावर ठोके पडतायत तिथलं. प्लॅन काय, तर रोज एक रील: हंडा, किंमत, डिस्काउंट. दहा हजार फॉलोअर्स झाले की भांडी आपोआप खपतील म्हणे. ('आपोआप' या शब्दाची मला इंजिनीअर झाल्यापासून भीती वाटते.)

म्हटलं, अरे, ही नुसती 'खबर' झाली. कल्हई का लावतात, तांब्यात लोणचं का ठेवू नये, मठारल्यावर मऊ पत्रा कडक कसा होतो, हे दाखव ना! मेटलर्जीचा पेपर एवढ्या वर्षांनी कामी आला.

दुसरी गोष्ट मला जास्त काळजीची वाटते. 29 जून 2020 ला सरकारने टिकटॉकवर बंदी घातली. खेड्यापाड्यांतल्या पोरांनी जमवलेले लाखो फॉलोअर्स एका फटक्यात गेले. मासिकाचे वर्गणीदार नाव-पत्त्यासकट मासिकवाल्यांकडेच असायचे. पोस्टमन अंक टाकायचा, कुणाला दाखवायचा आणि कुणाला नाही हे तो ठरवत नव्हता. आपले फॉलोअर्स म्हणजे भाड्याच्या खोलीतलं सामान, मालक कधी कुलूप घालेल सांगता येत नाही.

म्हणून मित्राला सांगितलं, दुकानात येणाऱ्याला विचारून नाव-नंबर लिहून ठेव आणि वर्षभराने कल्हईची आठवण कर.

"त्याचे लाइक्स कसे मोजायचे?"

"लाइक्स नको मोजूस. कल्हईला किती भांडी परत आली ते मोज."

वही घेतलीय त्याने. नोटीस पिरियडचे अजून चाळीस दिवस बाकी आहेत.